जवळ असून न दिसणे



अलीकडच्या एका आषाढी वारीतील गोष्ट. पंढरपुरास दर्शनबारीत आम्ही उभे होतो. मागे एक गृहस्थ होते. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, वारी पायी केलेली. पण त्यांची कुरकुर सारखी चालू होती. गर्दी किती, बारी किती हळू सरकते, पुढच्याचे गाठोडे गुडघ्याला लागते, मागच्याचा टाळ पाठीत रुततो. अखेर त्यांनी आम्हांलाच विचारले, "महाराज, ही गर्दी कधी कमी व्हायची हो?" आमच्या तोंडून निघून गेले, "झाली होती की माउली! चांगली दोन वर्षे झाली होती." गृहस्थ क्षणभर थांबले. मग कानाला हात लावून म्हणाले, "खरं आहे महाराज. विसरलोच होतो बघा."

आता खरे सांगायचे तर, घटकाभरापूर्वी आम्हीही मनात तेच म्हणत होतो. त्यांनी बोलून दाखवले, आम्ही गिळले, एवढाच काय तो फरक. तेव्हा "विसरलोच होतो" हे त्यांचे शब्द त्यांच्याइतकेच आम्हांलाही लागू आहेत, आणि वाचकहो, रागावणार नसाल तर तुम्हांलाही. त्याच शब्दांचा या पाठात विचार करावयाचा आहे. जे रोज हाताशी असते ते आपल्याला दिसत का नाही? ते गेले म्हणजेच का दिसते? आणि परत मिळाल्यावर पुन्हा दिसेनासे का होते?

न दिसण्याची आठ कारणे

पाठशाळेत असताना गुरुजींनी आमच्याकडून ईश्वरकृष्णांच्या सांख्यकारिका पाठ करवून घेतल्या. त्यांतील सातव्या कारिकेत एक फार मार्मिक विचार आहे. वस्तू असते, पण प्रत्ययास येत नाही; असे कोणकोणत्या कारणांनी होते, ते तेथे मोजून सांगितले आहे. कारणे आठ आहेत. आपल्या समजुतीसाठी ती आपल्याच भाषेत मांडतो.

पहिले, वस्तू फार दूर असणे. आळंदीत उभे राहून पंढरीचा कळस दिसत नाही. दुसरे, वस्तू फार जवळ असणे. तिसरे, इंद्रियच बिघडणे. बहिऱ्याला मृदंग ऐकू येत नाही. चौथे, मन ठिकाणावर नसणे. देह कीर्तनात आणि चित्त बाजारात, मग चरण कानावर पडूनही ऐकला असे होत नाही. पाचवे, सूक्ष्मपणा, हवेतील बाष्पाचे कण कोणाला दिसतात? सहावे, मध्ये भिंत किंवा पडदा असणे. सातवे, मोठ्या तेजाखाली लहान तेज झाकले जाणे; दिवसा आकाशात तारे असतात, पण सूर्य त्यांना दिसू देत नाही. आठवे, सारख्यात सारखे मिसळणे. मुगाच्या राशीत मुगाचा एक दाणा टाकला, तर तो वेगळा काढून दाखवता येत नाही.

सांख्यांना हा विचार कशासाठी हवा होता? प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्म आहे म्हणून, नाही म्हणून नव्हे, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. आपण तो घरच्या गोष्टींना लावू. या आठांत दुसरे कारण पाहा. त्याला टीकाकारांनी दृष्टांत दिला आहे डोळ्यांत घातलेल्या काजळाचा. सगळे जग ज्या डोळ्याने दिसते, त्याच डोळ्यांतले काजळ त्याला दिसत नाही. बाकीच्या कारणांवर बहुधा काही ना काही तोड निघते. दूर असेल तर चालत जावे, मध्ये भिंत असेल तर वळसा घालावा, मन भटकले असेल तर आवरावे. पण जे डोळ्यालाच चिकटले आहे, त्याच्याजवळ आणखी किती जाणार? तेथे दोनच मार्ग उरतात. कोणी तरी समोर आरसा धरला पाहिजे, नाही तर काजळ पुसले गेले पाहिजे. डोळा भुंडा झाला म्हणजे कळते, की अरे, येथे काजळ होते.

२०२० साली आपल्या सर्वांचे काजळ एकदम पुसले गेले.

काय काय नाहीसे झाले

करोनाची साथ आली आणि १७ मार्च २०२० रोजी पंढरीचे श्रीविठ्ठलमंदिर भाविकांसाठी बंद झाले. आत नित्योपचार चालू राहिले. काकड्यापासून शेजारतीपर्यंत देवाचे काही अडले नाही. अडले ते आपले. आठ दिवसांनी सारा देशच घरात बसला. चैत्री वारी गेली. मग ज्येष्ठात देहू व आळंदी येथून पालख्यांचे प्रस्थान झाले, पण पुढे पाऊल पडले नाही. आषाढ शुद्ध दशमीस, म्हणजे ३० जून रोजी, मानाच्या पालख्यांतील संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एसटीच्या गाडीने पंढरीस गेल्या. आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. पायी अठरा-एकोणीस दिवस लागतात. ती वाट त्या वर्षी काही तासांत संपली. पुढच्या वर्षी, २०२१ सालीही पादुका गाडीनेच गेल्या. फक्त वाखरीपासून थोडे अंतर मोजक्या वारकऱ्यांना चालू दिले.

हे निर्बंध योग्य होते, हे आम्ही स्वच्छ सांगतो. लाखोंचा मेळा त्या दिवसांत भरता, तर गावोगावी रोग गेला असता. आपल्या मंडळींनी ते ऐकले, हठ धरला नाही, हे भूषणच आहे. पण ऐकणे वेगळे आणि न सोसणे वेगळे. १ जुलै २०२०, आषाढी एकादशी. कित्येकांनी अंगणातच तुळशीभोवती टाळ घेऊन प्रदक्षिणा घातल्या. आम्हीही घातल्या. सोबत घरची चार माणसे. सातव्या प्रदक्षिणेला आमच्या ध्यानात आले, की आपण मधूनमधून मागे वळून पाहतो आहोत. कोणाला पाहत होतो? मागे दिंडी असते ना, तिला. मान आपोआप वळत होती.

तर्कशास्त्रात अभावाचा विचार आहे. "येथे घट नाही" असे म्हणण्यास घट आधी ठाऊक असावा लागतो. ज्याचा अभाव, त्याला प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगीचे ज्ञान आधी, अभावाचे ज्ञान मागाहून, असा शास्त्राचा क्रम. तो खोटा नाही. पण आम्ही आपल्यापुरते सांगतो, आमचा क्रम उलटा झाला. गर्दी म्हणजे काय, शेजारी म्हणजे काय, हे अभावानेच शिकवले. पंचांगातल्या तिथीसारखे जे येणारच असे धरून चाललो होतो, ते एकेक डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांपैकी तीन-चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट टाळकऱ्यांची. त्या चातुर्मासात पुतण्याने आमचे कीर्तन मोबाइलवरून लोकांना ऐकवण्याची व्यवस्था केली. रिकाम्या मंदिरात आम्ही गादीवर उभे. समोर काठीला बांधलेला मोबाइल, बाजूला एकटा मृदंगी, तोही अंतर राखून. चरण म्हटला आणि सवयीने थांबलो. चाळीस वर्षांची सवय. आपण चरण सोडावा आणि मागच्या टाळकऱ्यांनी तो उचलावा. उचलणारे कोणीच नव्हते. मग तोच चरण पुन्हा आम्हीच म्हटला. असे करता करता विसाव्या मिनिटाला धाप लागली. लोक म्हणत, महाराजांचा दम मोठा. आम्हांलाही ते खरे वाटे. त्या दिवशी उलगडा झाला. टाळकरी चरण घोळत असतात तेवढ्यात आम्ही श्वास घेतो. दम त्यांचा होता हो! आम्ही आपला म्हणून मिरवत होतो.

दुसरी गोष्ट बुक्क्याची. आश्विनात आम्हांला स्वतःला हा आजार झाला. ज्वर चार दिवसांत उतरला, पण वास गेला. पूजेला बसलो, बुक्का कपाळी लावला, आणि काहीच नाही. राख लावावी तसे. तुळशीचे पान चुरगाळून नाकाशी धरले, तेही मुके. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण, हे आम्ही तर्कसंग्रहात बालपणी घोकले होते आणि पुढे शेकडो वेळा विद्यार्थ्यांना सांगितले होते. पण त्या गंधाने आपला दिवस किती भरलेला असतो, हे कधी मनास आलेच नव्हते. बारा-तेरा दिवसांनी सकाळी तुळशीला पाणी घालताना ओल्या मातीचा वास आला. अगदी पुसट. आम्ही तांब्या खाली ठेवला आणि तेथेच बसून राहिलो.

तिसरी गोष्ट वाटेवरच्या गावांची. वारीत आपण वाल्ह्याला, तरडगावला, भंडीशेगावला मुक्कामास जातो. कोणी भाकरी-पिठले वाढते, कोणी गरम पाण्याने पाय शेकून देते, कोणी ओसरी मोकळी करते. आपण म्हणतो, लोक भाविक आहेत. म्हणतो आणि पुढे जातो. २०२० साली वारकऱ्यांची वारी चुकली, तशी त्या गावांचीही चुकली. चूल होती, पीठ होते, घेणारा नव्हता. तीच गत पंढरीची. बुक्का विकणारे, तुळशीच्या माळा करणारी घराणी, लाह्या-चुरमुऱ्यांची दुकाने, चंद्रभागेत होडी घालणारे कोळी बांधव, या सर्वांचे वर्ष वारीवर चालते. चार आण्यांसाठी ज्यांच्याशी हुज्जत घातली, त्यांच्या चुली आपल्या पावलांवर पेटत होत्या, हे आपल्याला ठाऊक नव्हते असे नाही. फार जवळ होते म्हणून दिसले नव्हते.

वीणा खाली ठेवा

चौथी गोष्ट सांगणे आम्हांला जड जाते. पण पाठ लिहावयास बसलो आणि आपलीच चूक झाकली, तर त्या पाठाला अर्थ काय?

आमच्या गावच्या कीर्तनांत बावीस वर्षे एकच विणेकरी आमच्यामागे उभे राहत. शेतकरी माणूस. शाळा दुसरीपर्यंत. बोलणे बेताचे. आम्ही पाठशाळेत शिकलेले, गळ्यात हार पडणारे. त्यांच्याकडे आमचे लक्ष जाण्याचे कारणच काय? एका सप्ताहात त्यांच्या विण्याची तार उतरली. सूर खटकला. आम्ही निरूपणाच्या भरात होतो, सभेदेखत मागे वळून म्हणालो, "धरता येत नसेल तर वीणा खाली ठेवा." ते म्हणाले, "चुकलं महाराज." तार लावून घेतली आणि उभे राहिले. कीर्तन संपल्यावर नेहमीप्रमाणे पाया पडावयास वाकले. आपल्या संप्रदायाची रीत अशी, की पाया पडणाऱ्याच्या आपणही पाया पडावे. लहानमोठे पाहू नये. आम्ही त्या दिवशी अर्धवट वाकल्यासारखे केले आणि पुढच्या माणसाकडे वळलो.

वारकऱ्याला वेगळे सांगावयास नको, की वीणा खाली ठेवायची नसते. सप्ताहात ती अखंड उभी असते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण जमिनीला लागत नाही. रात्री दोनचा पहारा कोणी घेत नसे, तो हेच गृहस्थ घेत. अशा माणसाला आम्ही "खाली ठेवा" म्हणालो.

त्यानंतर नऊ वर्षे ते आमच्यामागे उभे राहिले. आम्ही त्या प्रसंगाबद्दल कधी शब्द काढला नाही. बोलू कधी तरी, असे वाटे. ते रोज भेटत होते ना, घाई कसली?

२०२१ च्या चैत्रात दुसऱ्या लाटेत ते गेले. रुग्णालयात होते; श्वास पुरेना. निरोप फोनवरच आला. वारकऱ्याची अंत्ययात्रा टाळमृदंगाच्या गजरात निघावयाची. त्यांना चार परक्या माणसांनी अंगभर आच्छादने घालून नेले. कोणी पायाला हात लावू शकले नाही. आम्हीही नाही. जो नमस्कार आम्ही एकदा अर्धा केला होता, तो पुरा करण्याची सोय राहिली नाही.

तार्किक सांगतात, की प्रध्वंसाभावाला आरंभ असतो, अंत नसतो. मडके फुटले, ते फुटलेपण कधी संपत नाही. आत्मा अमर आहे, हे आम्ही हजार कीर्तनांत सांगितले आहे आणि ते सत्यच आहे. पण आमच्या मागे दोन तास न हलता उभा राहणारा तो देह, ते "चुकलं महाराज", त्यांचा अभाव या जातीचा आहे. मंदिरे उघडली, गर्दी आली, वास आला, टाळकरी आले. हे एक आले नाही.

एक शंका

येथे कोणी शंका घेईल, की महाराज, तुम्ही परमार्थ सांगता की प्रपंच? नाम तर कोणी बंद केले नव्हते. देव हृदयात आहे. हरिपाठ घरी होत होता. मग गर्दी, बुक्का, पंगत यांसाठी झुरणे हा मोहच नव्हे काय? सर्व नाशवंत आहे, एवढे कळले म्हणजे वैराग्य यावे, हळहळ कशाला?

शंका रास्त आहे. पण विचार करा. नामाने सर्व मिळते, हे ज्यांनी आपल्याला सांगितले, ते ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा स्वतः पंढरीस जात होते. त्यांना देव हृदयात दिसत नव्हता म्हणून नव्हे. आपला देव कटीवर हात ठेवून उभा आहे आणि त्याच्या पायांवर डोके ठेवता येते. आपला संप्रदाय पायांचा आहे. पायी चालावे, पायांवर डोके ठेवावे, भेटेल त्याच्या पायांना हात लावावा. काल्याच्या दिवशी गोपाळपुरास एकमेकांच्या मुखात काला घालावा. ज्ञान एकट्याने होत असेल. काला एकट्याने होत नाही.

आणि वैराग्य म्हणजे अनादर नव्हे. वस्तू जाणार आहे, हे ज्याला पक्के ठाऊक, तो ती असेपर्यंत तिला जपून वागवील. जी कायमची आहे असे वाटते, तिचीच हेळसांड होते. म्हणजे आमची हेळसांड वैराग्यातून आली नव्हती. नित्य नसलेल्या वस्तूला नित्य मानण्यातून, अविवेकातून आली होती.

दुसरीही एक शंका येते. या साथीने आपल्याला एवढे दाखवले, तर तिला गुरू मानावे काय? आमचे उत्तर, नाही. कित्येक घरांतील कर्ते गेले, मुले पोरकी झाली, कोणी श्वासासाठी तडफडले. अशा संकटाला उपकारकर्ता म्हणण्याची जीभ आम्हांला नाही. पडल्यावर दगडाचे आभार मानू नयेत. पुढे पाहून चालावे.

दुसरे एक अंतर

त्या दोन वर्षांत जेथे तेथे "अंतर राखा" अशा पाट्या लागल्या. मंदिरे दिवाळी पाडव्यास, १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, तेव्हाही मुखदर्शनच होते. पायांना हात लावता येत नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेस, पुन्हा उघडली. पण पंढरीत पदस्पर्शदर्शन सुरू झाले ते २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्यास. दोन वर्षांहून थोडे अधिक. या काळात आम्ही किती तरी वेळा म्हटले, की देव समोर आहे आणि हात लावता येत नाही, हे सोसवत नाही.

असे म्हणत म्हणत मुखदर्शन करून आम्ही महाद्वारातून बाहेर आलो. नामदेव पायरीजवळ चोखोबारायांची समाधी आहे. दर वारीत तेथे डोके ठेवतो. त्या दिवशी डोके ठेवले आणि उचलवेना.

आपल्याला दोन वर्षे सोसले नाही. या महात्म्याला जन्मभर बाहेर उभे केले होते. त्यांच्या मागे त्यांच्या लेकरांना शेकडो वर्षे. तेथे कोणती साथ होती? कोणता रोग टळत होता? मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणास लावून उपोषण केले, तेव्हा ते दार सर्वांना उघडले. विठ्ठलाच्या पायांना हात लावणे ही ज्यांना रोजची गोष्ट वाटत होती, त्यांना आत कोण नाही हे दिसतच नव्हते. तेही डोळ्यांतले काजळच.

आम्ही हे दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. विणेकऱ्यासमोर अर्धे वाकणारी आमची पाठ आणि ते जुने अंतर, यांची जात एकच आहे, हे आम्हांला त्या पायरीवर उमगले. साथीचे अंतर देहाच्या रक्षणासाठी होते आणि ते संपले. हे दुसरे अंतर मनात असते. ते कोणत्या तारखेला उठले, हे ज्याने त्याने आपल्यापुरते पाहावयाचे आहे.

पुढे काय करावे

२०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. २१ जूनला आळंदीहून माउलींचे प्रस्थान झाले. दिवे घाटात माणसांची रांग पाहून म्हातारी माणसे रडली. अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. त्या वर्षी बारीत कोणी कुरकुरलेले आम्ही ऐकले नाही. पुढच्या वर्षी थोडे ऐकले. त्याच्या पुढच्या वर्षी आम्हीही मनात कुरकुरू लागलो. काजळ पुन्हा डोळ्यांत गेले. मनाचा हा स्वभावच आहे. त्यावर नुसता पश्चात्ताप पुरत नाही, नियम लागतो. नित्यनेम म्हणजे तरी काय? जे विसरणार हे ठाऊक आहे, त्याला रोज भेटण्याची वेळ ठरवणे. आम्ही स्वतःस लावून घेतलेले चार नियम येथे देतो. पटतील ते घ्यावेत.

१. सायंकाळी हरिपाठास बसण्यापूर्वी, आज जे अनायासे मिळाले अशा एका गोष्टीचे स्मरण करावे. मोठी नको. गार पाण्याचा तांब्या, मोकळा श्वास, दारात "येऊ का?" म्हणणारा शेजारी. एकच, पण रोज नवी. पहिला महिना सोपा जातो; पुढे शोधावे लागते आणि शोधू लागले की दिसू लागते.

२. कोणी पाया पडले तर पुरे वाकावे. हात त्याच्या पायांना लागला पाहिजे. घाई असली तरी. माणूस कोणीही असला तरी.

३. कीर्तनकाराने गादीवरून उतरल्यावर आधी विणेकरी, मृदंगी आणि टाळकरी यांना नमस्कार करावा, हार मागाहून. घरात हाच नियम स्वयंपाक करणारीला, शेतात गड्याला, दिंडीत पाणी आणणाऱ्याला लावावा. ज्यांच्या श्वासावर आपला दम चालतो, ते बहुधा आपल्या मागे उभे असतात.

४. ज्याची क्षमा मागावयाची आहे, ती या एकादशीच्या आत मागावी. पुढच्या वारीवर ठेवू नये. भेट झाली नाही तर फोन करावा. तोही त्या दोन वर्षांत किती मोलाचा झाला होता, हे आपण पाहिलेच.

आमच्या गावच्या मंदिरात ती वीणा आता एक तरुण मुलगा घेतो. त्याचीही तार कधी उतरते. उतरली की आम्ही निरूपण थांबवतो आणि ती लागेपर्यंत नाम घेत उभे राहतो. श्रोत्यांना वाटते, महाराजांना विसावा हवा आहे. वाटू द्या.

आता त्या बारीतील गृहस्थांचे सांगून पुरे करतो. ते गप्प झाले ते झालेच. थोड्या वेळाने त्यांनी पुढच्या म्हातारीचे गाठोडे आपल्या खांद्यावर घेतले. गाभाऱ्यात पोचलो. पायांवर डोके ठेवावयास तेथे किती अवधी मिळतो, तुम्हांला ठाऊक आहे. डोळ्याचे पाते लवते न लवते. आमचे डोके टेकले आणि त्याच क्षणी मागच्याचा टाळ पाठीत रुतला. आम्ही मनात म्हटले, पांडुरंगा, हा टाळ असाच रुतत राहू दे.

रामकृष्ण हरि.